रजिस्ट्रीच्या तोंडावर एसी बंद पडला: दुरुस्त करायचा, पैसे कापायचे की काढून न्यायचा?

प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मनीषनगरातला टू बीएचके फ्लॅट विकला आहे. इसारपत्रात "हॉल व बेडरूममधील एसी, दोन गिझर व चिमणी चालू स्थितीत ताब्यासोबत" असं लिहिलं आहे. रजिस्ट्री बारा दिवसांवर आली आणि हॉलमधला सहा वर्षं जुना, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी थंड करेनासा झाला. घेणारे नव्या एसीचे ४० हजार किमतीतून कापा म्हणतात. शिवाय मागच्या बाथरूममधला गिझर लावला की मेन ट्रिप होतो. ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर.

इसारपत्रातले "चालू स्थितीत" हे दोन शब्द तुम्हाला बांधतात. तिथे "आहे त्या स्थितीत" असतं तर गोष्ट वेगळी होती. मग बंद एसीही तसाच देता आला असता, फक्त तो बंद आहे हे आधी सांगावं लागलं असतं. आणि इसारात एसीचं नावच नसतं, तर तुम्ही तो काढून नेऊ शकला असता. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ८ प्रमाणे घराबरोबर दारं, खिडक्या, कुलुपं, किल्ल्या आणि घरासोबत कायम वापरासाठी बसवलेल्या वस्तू जातात. स्प्लिट एसी चार स्क्रू काढून नेता येतो, म्हणून व्यवहारात तो वेगळी वस्तूच धरतात. पण तुम्ही तो लेखी कबूल केला आहे. तेव्हा चालू एसी देणं किंवा त्याची रास्त भरपाई करणं ही तुमची बाजू झाली. ती भरपाई ४० हजार मात्र होत नाही.

रास्त आकडा काढायची पद्धत सोपी आहे. दुरुस्तीचा खर्च आणि त्या वस्तूची उरलेली किंमत, यांतली जी रक्कम कमी ती भरपाई. दीड टनाच्या एसीचं आयुष्य १० वर्षं धरा. नवा ३८ हजारांचा असेल आणि जुन्याची सहा वर्षं झाली असतील, तर उरलेली किंमत १५,२०० रुपये. दुरुस्ती सहा-सात हजारांत होत असेल तर तेवढेच द्यायचे, वर त्यांच्या त्रासाचे हजार-दोन हजार दिले तर बरंच. दुरुस्ती १८ हजारांची निघाली तर ती करण्यात अर्थ नाही. पंधरा हजारांवर बोलणी करा, हवं तर तेवढे देऊन एसी काढून न्या. घेणाऱ्यांना नवा एसी फुकट मिळावा असा करार झालेला नव्हता, सहा वर्षं जुना चालता एसी मिळावा असा झाला होता. हे शांतपणे, आकडे मांडून सांगितलं तर बहुतेक माणसं ऐकतात. त्यांनी आणलेलं नव्या एसीचं कोटेशनही एकदा तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. शेजाऱ्याच्या जुन्या बिलावरून काढलेला आकडा त्यामुळे फुगलेला असू शकतो.

पण हे सगळं दुरुस्तीचा खरा आकडा हातात असेल तर. तो आजच मिळवायला लागा. मे महिन्यात नागपुरात एसी मेकॅनिक लवकर सापडत नाही आणि नवतपात (मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत) तर फोनही उचलत नाहीत. बारा दिवस म्हणजे प्रत्यक्षात दोन व्हिजिट.

मेकॅनिकला फोन करण्याआधी बिल शोधा. बऱ्याच इन्व्हर्टर मॉडेल्सच्या कॉम्प्रेसरला ५ ते १० वर्षांची वॉरंटी असते, काहींच्या पीसीबीलाही (आतल्या सर्किट बोर्डालाही) मूळ एका वर्षापेक्षा जास्त असते. वॉरंटी बाकी असताना बाहेरच्या माणसाने आउटडोअर युनिट उघडलं तर कंपनी पुढे हात वर करू शकते. कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घेणाऱ्यांना त्याच दिवशी पाठवा. तुम्ही स्वतःहून सांगितलंत आणि कामाला लागलात, हे त्यांना दिसलं की निम्मी बोलणी तिथेच होतात.

तोवर घरच्या घरी चार गोष्टी बघता येतात. फिल्टर धुवा. आउटडोअर युनिटची मागची जाळी बघा. मनीषनगर-बेसा पट्ट्यात बांधकामं सुरूच असतात, ती धूळ कॉइलच्या पात्यांत बसून पुठ्ठ्यासारखी घट्ट होते. बाहेर ४५ अंश असताना अशा कॉइलमधून उष्णता बाहेर जातच नाही. मग एसी चालतो, पण थंड करत नाही किंवा मध्येच बंद होतो. मेन बंद करून साध्या पाइपच्या पाण्याने, पाती वाकणार नाहीत अशा बेताने आतून बाहेर धुतलं की पुष्कळ एसी जागेवर येतात. मग एसी १५ मिनिटं १८ वर चालवा आणि साध्या थर्मामीटरने दोन ठिकाणी तापमान घ्या, वर जिथून हवा आत ओढली जाते तिथे आणि खाली जिथून बाहेर येते तिथे. आठ-दहा अंशांचा किंवा त्याहून जास्त फरक असेल तर यंत्र ठीक आहे. तीन-चारच असेल तर आउटडोअरकडे जाणारी बारीक नळी बघा. तिच्यावर बर्फ जमला असेल तर गॅस कमी झाला आहे. नटाच्या सांध्याजवळ तेलकट डाग असेल तर तो तिथूनच जातो आहे, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं.

मेकॅनिक आला की त्याच्यावर लक्ष ठेवा. इन्व्हर्टर एसीत "कपॅसिटर गेला, बदलतो" असं कोणी म्हणालं तर थांबवा. तो भाग जुन्या, एकाच वेगाने चालणाऱ्या कॉम्प्रेसरचा. दीड टनाला साधारण ४५-५० मायक्रोफॅरडचा लागतो आणि काही शे रुपयांत काम होतं. इन्व्हर्टरच्या कॉम्प्रेसरला तसा वेगळा रन कपॅसिटर नसतोच, तिथे पीसीबी, सेन्सर किंवा फॅनची मोटर बघावी लागते. आउटडोअरच्या पीसीबीवर मोठे कपॅसिटर असतात खरे, पण ते वेगळे. मेन बंद केल्यावरही काही मिनिटं त्यांत ३०० व्होल्टच्या वर दाब शिल्लक असतो, तेव्हा लगेच हात घालू देऊ नका.

गॅस कमी निघाला तर "भरून देतो" एवढ्यावर समाधान मानू नका. एसीचा गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहेच. गळती न शोधता भरलेला गॅस ताबा देईपर्यंत टिकेल आणि पावसाळ्याआधी निघून जाईल. मग घेणारे तुम्हालाच फोन करतील, आणि त्यांचं बरोबर असेल. कामाचा क्रम असा असतो: आधी नायट्रोजन भरून दाबाखाली साबणाच्या फेसाने सांधे तपासायचे. सांध्यातच गळती असेल तर नळीचं तोंड कापून नव्याने पसरवायचं, म्हणजे फ्लेअर करायचं. मग व्हॅक्यूम पंप निदान २०-३० मिनिटं लावायचा आणि शेवटी आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर मोजून भरायचा. आर-३२ हा गॅस असलेल्या दीड टनाच्या एसीत तो बहुधा एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. पंप न लावता थोडा गॅस सोडून हवा बाहेर ढकलणारे पुष्कळ आहेत. त्या आत राहिलेल्या ओलाव्याने कॉम्प्रेसर हळूहळू बाद होतो. शिवाय आर-३२ पेट घेऊ शकतो, म्हणून गॅस आत असताना वेल्डिंगची ज्योत जवळ आणू द्यायची नाही.

गळती सांध्यात नसून कॉइलमध्ये असेल तर प्रकरण वेगळं. नाग नदी, पिवळी नदी किंवा एखाद्या मोठ्या नाल्याला लागून घर असेल तर हे जास्त दिसतं. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला काळं पाडतो आणि त्यात सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात. एक बुजवलं की महिन्याभरात दुसरं निघतं. अशा कॉइलला डाग देऊन "दुरुस्त केला" म्हणणं मला पटत नाही. कॉइल बदला किंवा एसी काढून घ्या आणि रक्कम द्या.

आता एक गोष्ट लोक सर्रास विसरतात. एसी बंद पडण्याचं कारण एसीत नसून भिंतीत असू शकतं. प्लग टॉप काढून बघा. पिना काळ्या पडल्या असतील, सॉकेट पिवळं पडून वितळल्यासारखं दिसत असेल, तर सैल जोडामुळे वायर तापते आहे. एसीसाठी स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) असावा. जुन्या वायरिंगमध्ये अडीचची वायर तीन पॉइंटना फिरवलेली सापडते. हा दोष तुमच्या एसीचा नाही, घराचा आहे. इथे कायदाही कडक आहे. त्याच मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५(१)(अ) प्रमाणे विक्रेत्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साध्या पाहणीत न दिसणारा मालमत्तेतला महत्त्वाचा दोष सांगणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे. एसीच्या ड्रेन पाइपचं पाणी भिंतीत मुरून मागच्या खोलीत ओल आली असेल तर तीही याच खात्यात येते. ओलीवर पुट्टी मारून रंग देऊ नका.

गिझरचंही आजच सांगून टाका. तो बंद असता तर एवढी घाई नव्हती, पण तो धोकादायक आहे. गिझर लावल्यावर मेन ट्रिप होतो याचा बहुतेक वेळा अर्थ असा की हीटिंग एलिमेंटच्या नळीला चीर पडली आहे आणि करंट पाण्यात उतरतो आहे. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) तेवढं पकडून मेन पाडतो, म्हणून घरातली माणसं सुखरूप आहेत. कोणी इलेक्ट्रिशियन "ईएलसीबी बायपास करून देतो" म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

बोअरच्या जड पाण्याने एलिमेंटवर चुन्याचा पांढरा, कडक थर चढतो. आतली उष्णता बाहेर पडत नाही, नळी तापून तडकते. तपासणी पाच मिनिटांची आहे. मेन बंद करा, एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि मल्टिमीटर लावा. २ किलोवॉटच्या एलिमेंटला दोन टोकांत साधारण २६ ओहम यायला हवेत. मग एक टोक आणि गिझरची बॉडी यांत मोजा, तिथे काहीच जोड दिसता कामा नये. काही आकडा दाखवला की एलिमेंट गेलं. मल्टिमीटर स्वच्छ दाखवूनही मेन पडत असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघायला लावा, बारीक गळती त्यातच सापडते. एलिमेंट आणि त्याचं रबर गॅस्केट बदलताना आतला मॅग्नेशियमचा दांडाही बघा. झिजून तार उरली असेल तर तोही बदला. तो टाकीच्या ऐवजी स्वतः गंजतो, म्हणूनच टाकी टिकते. प्रेशर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह चुन्याने जाम झालेला नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्या. टाकीच गळत असेल, खालून गंजाचं पाणी टपकत असेल, तर दुरुस्ती नाही. तो गिझर भंगारात.

मे महिन्यात गिझर कोणी लावत नाही, ओव्हरहेड टाकीचं पाणीच हात भाजेल एवढं तापलेलं असतं. त्यामुळे हा दोष दिवाळीनंतर उघडा पडला असता. डिसेंबरात झालेल्या व्यवहारात नेमकं उलट होतं. तेव्हा एसी आणि कूलर कोणी लावून बघत नाही आणि एप्रिलात तक्रारी सुरू होतात. म्हणून ऋतू कोणताही असो, यादीतली प्रत्येक वस्तू ताब्याआधी दोघांसमोर चालवा. थंडीत खोली २० अंशांवर असेल तर एसी १६ वर ठेवायचा, तरच कॉम्प्रेसर सुरू होतो.

कूलरचं तुमच्या यादीत नाही, पण खिडकीला स्टँडवर डेझर्ट कूलर असेल तर घेणारे तो धरूनच चालतात. ठेवायचा की न्यायचा हे आत्ताच स्पष्ट करा. ठेवणार असाल आणि पंप चालत नसेल तर टाकून देऊ नका. पंपाची खालची जाळी काढली की छोटा पंखा दिसतो. तो बोटाने फिरत नसेल तर चुना बसला आहे. लिंबूसत्व घातलेल्या कोमट पाण्यात पंपाचा तेवढाच भाग तासभर बुडवून ठेवा आणि जुन्या ब्रशने घासा, बहुधा फिरायला लागतो. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे की नाही, हे मात्र टेस्टरवर न सोडता इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पंपाची वायर पाण्यात सोलली की सगळी बॉडी करंट मारते. अर्थिंग नसलेला कूलर पुढच्या माणसाच्या घरात ठेवू नका.

चिमणीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जाळ्या गरम पाण्यात सोडा टाकून धुवा, मोटर आवाज करत असेल तर तसं लिहा.

आता पैशांचं. घेणारे बँकेचं कर्ज घेत असतील तर विक्रीची किंमत बदलू नका. कर्ज ठरलेल्या किमतीवर मंजूर झालेलं असतं. ती बदलली की बँक नवे कागद मागते, कदाचित रक्कमही बदलते आणि बारा दिवसांचे पस्तीस होतात. इसारपत्र नोंदणीकृत असेल तर त्याची दुरुस्तीही वेगळी करावी लागेल. मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकातलं) मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागतं, तेव्हा आठ हजार कमी लिहून शुल्कातही काही हाती लागत नाही. त्यापेक्षा एसीची भरपाई स्वतंत्र पावतीवर, बँकेतून बँकेत द्या. कोणी याच्या उलट सुचवेल, की उपकरणांची किंमत फुगवून घराची कमी दाखवू. त्यात पडू नका. जुन्या एसी-गिझरचे पाच लाख कुठल्याही तपासणीत टिकत नाहीत.

"रजिस्ट्री होऊ द्या, मग दुरुस्त करून देतो" हेही टाळा. विक्रीपत्रात पूर्ण मोबदला मिळाला असं लिहिलेलं असतं, त्यानंतर दोघांनाही एकमेकांच्या शब्दावरच बसावं लागतं. दुरुस्ती वेळेत होणार नसेल तर ठरलेली रक्कम त्यांना आधीच द्या आणि एसीचा विषय लेखी बंद करा. मजकूर साधारण असा चालेल:

"हॉलमधील दीड टन इन्व्हर्टर स्प्लिट एसी (मॉडेल क्र. ___, सीरियल क्र. ___) दि. ___ पासून थंड करीत नाही, ही बाब विक्रेत्यांनी खरेदीदारांना सांगितली असून खरेदीदारांनी स्वतः पाहिली आहे. तपासणीचा अहवाल व दुरुस्तीचे अंदाजपत्रक सोबत जोडले आहे. याबाबत विक्रेत्यांनी खरेदीदारांना रु. ___ बँकेद्वारे दिले असून खरेदीदारांनी सदर एसी आहे त्या स्थितीत स्वीकारला आहे. या एसीबाबत उभयतांमध्ये यापुढे कोणतीही मागणी राहिलेली नाही."

खाली दोघांच्या सह्या, तारीख आणि दोन साक्षीदार. इसारपत्रात "चालू स्थितीत" असल्यामुळे या कागदात त्या इसारपत्राची तारीख आणि हे कलम बदलल्याचा उल्लेख वकिलांकडून घालून घ्या. गिझर दुरुस्त केलात तर त्याचं बिल, जुनं एलिमेंट आणि दुरुस्तीनंतर मेन न पडता अर्धा तास चाललेला व्हिडिओ पुरेसा आहे.

एसी काढून न्यायचं ठरलं, तर गॅसगळती नसेल आणि कॉम्प्रेसर चालत असेल तर मेकॅनिककडून पंप डाउन करून घ्या. म्हणजे बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद करून यंत्र थोडा वेळ चालवायचं, उरलेला गॅस आउटडोअरमध्ये ओढून घ्यायचा आणि मग जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. भिंतीतलं नळीचं भोक आत आणि बाहेर दोन्हीकडून सिमेंटने बुजवा. फक्त आतून पुट्टी लावली तर पहिल्याच पावसात पाणी आत येतं. नळी भिंतीत गाडलेली असेल तर ती तशीच ठेवून दोन्ही तोंडं चेपून बंद करा, घेणाऱ्यांना नव्या एसीसाठी ती कदाचित उपयोगी पडेल. वायर आणि एमसीबी काढू नका, ते घराचे आहेत.

भंगारात द्यायचा असेल तर दारावरच्या कबाड्याला देऊ नका. तो तांब्यासाठी नळ्या कापतो आणि गॅस हवेत जातो. नवा एसी घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, नाहीतर अधिकृत ई-कचरा केंद्रात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि एसी त्यात येतो. बंद फ्रिज किंवा वॉशिंग मशीन "त्यांना लागेल" म्हणून गॅलरीत सोडून जायची सवय वाईट आहे. ताबा म्हणजे मोकळं घर.

ताब्याच्या दिवशी घेणाऱ्यांबरोबर तासभर काढा. एकेक उपकरण पंधरा मिनिटं चालवा, सीरियल नंबरसकट फोटो घ्या, ताबापावतीवर प्रत्येकासमोर "चालू" किंवा "बंद, माहीत आहे" असं लिहून सही घ्या. रिमोट, बिलं, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीच्या पावत्या एका पाकिटात त्यांच्या हातात द्या. महावितरणच्या मीटरचं रीडिंग दोघांच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे एसी तपासताना जळालेल्या युनिटांवरून महिन्याने वाद होणार नाही.